पडलेल्या उमेदवाराची बैठक

मतदारसंघाचा खरा इतिहास हरलेल्या उमेदवारांच्या घरात जतन केलेला असतो, असं माझे जयपूरचे घरमालक सांगत. सांगताना डोळे मिटत, उजवा हात छातीवर ठेवत आणि आवाज असा लावत की पुढचं वाक्य बहुधा संस्कृतमध्ये येणार असं वाटावं. पुढचं वाक्य असे, "तुझ्या स्कूटीत पेट्रोल आहे का?"

मी सांगलीची. बँकेने बदली करून जयपूरला पाठवलं. शाखा सीतापुऱ्यात, आणि राहायला जागा मिळाली ती शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, झोटवाड्याच्या अंगाला. मराठी घरमालक मिळतोय या आनंदात मी अंतराची चौकशीच केली नाही. काका विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी बदलीवर जयपूरला आले, पुढच्या बदल्या चुकवत राहिले आणि शेवटी इथंच घर बांधलं. मुलगा पुण्यात. काकूंनी सारा संसार जयपुरात केला, पण बोलत त्या वऱ्हाडीच, भाजीवाल्याशीसुद्धा. इतक्या वर्षांत भाजीवाल्याला ती समजायला लागली होती. काका माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत, गल्लीत शुद्ध हिंदी आणि काकूंशी जरुरीपुरतं.

आल्या आल्या मी सहज विचारलं होतं, "काका, सध्या काय करता?"

"जयपूर लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास सिद्ध करतो आहे."

घरात कागद कुठे दिसत नव्हते. पुस्तकांच्या कपाटात आरोग्याचे दिवाळी अंक आणि विम्याच्या जुन्या डायऱ्या होत्या, त्यांत धोब्याचा हिशेब. मी विचारलं, "किती लिहून झालाय?"

"लिहायला काय, आठवड्याभरात होईल. साक्षी पुऱ्या व्हायच्या आहेत."

या इतिहासात जिंकलेल्यांना जागा नव्हती. जयपूर म्हटलं की पाहुणे राजवाड्याबद्दल, संस्थानाबद्दल, मोठ्या नावांबद्दल विचारत. काका ऐकून घेत आणि म्हणत, "हो, ते जिंकले. पुढं?" जिंकलेल्या माणसाचा उल्लेख ते 'जो दिल्लीला गेला तो' एवढाच करत. पडलेल्यांवर मात्र त्यांचं सगळं कॅलेंडर चालायचं. वकील पडले त्या वर्षी कूलर घेतला. गालावर तीळ असलेला उमेदवार पडला तेव्हा मुलगा दहावीला होता. विधानसभेचे पडलेले ते विचारात घेत नसत. "ते राज्याचं दुःख," म्हणत. "मी केंद्राचा माणूस."

आता त्यांच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी जयपूरच्या एका रिवाजाबद्दल. इथं माणूस गेला की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तासाभराची बैठक असते, 'तीये की बैठक'. वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात येते, तीत सुरू व्हायची आणि संपायची वेळ दिलेली असते. अंगणात पांढरी चादर अंथरतात. लोक पांढरे कपडे घालून येतात, गप्प बसतात आणि वेळ संपली की हात जोडून उठतात. चहा नाही, पाणी नाही. मला हा प्रकार पहिल्यापासून आवडला. शोकाला बंद व्हायची वेळ असलेलं दुसरं शहर मी पाहिलेलं नाही.

काका लोकसभेच्या मतमोजणीनंतर तिसऱ्या दिवशी पांढरा कुर्ता-पायजमा घालून पडलेल्या उमेदवाराकडे बैठकीला जात. अशी बैठक कुणी ठेवलेली नसे. ते जाऊन बसले की ती सुरू होई.

सुरुवात कशी झाली ते त्यांनी मला बऱ्याचदा सांगितलं, आणि दर वेळी जवळजवळ सारखंच. नवीन असताना ते विम्याच्या एका दाव्याच्या कामासाठी निघाले होते. वाटेत एका उमेदवाराचं घर लागलं. आदल्या दिवशी तिथं मांडव होता, हलवायाची भट्टी पेटलेली होती. त्या दिवशी हलवाई भट्टीच्या विटा मोजून टेम्पोत भरत होता आणि ओळखीची माणसं ते घर आलं की रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत होती. काका आत गेले. उमेदवार एकटाच खुर्चीवर बसला होता.

"आप किसकी तरफ़ से?" त्याने विचारलं.

"किसी की तरफ़ से नहीं. बैठने आया हूँ."

तो माणूस हमसून रडला, आणि मग आपण का पडलो ते दोन तास सांगत बसला. "जो दिल्लीला गेला त्याला विचारा, का जिंकलास? तो म्हणेल, जनतेचा आशीर्वाद. याला काय इतिहास म्हणायचं?" काका विचारत. "पडलेल्याच्या घरी प्रत्येकाकडे कारण असतं. आणि विम्याच्या माणसाला गेलेल्याच्या घरी कसं बसायचं ते शिकवावं लागत नाही."

मी जयपूरला एका लोकसभेच्या तोंडावर आले आणि पुढची झाल्यावर निघाले. मधली एक बदली मीही चुकवली, ते त्या घराचं पाणी असावं. पहिल्या निवडणुकीनंतर मोजणीच्या तिसऱ्या दिवशी काकांनी पेट्रोलची चौकशी केली आणि आम्ही बगरूला निघालो. तिथला एक अपक्ष पडला होता.

बगरूत कापड छापतात. गावाबाहेरची मैदानं ओल्या, छापलेल्या कापडांनी भरलेली असतात. रस्ता वळसा घालून जातो म्हणून काकांनी मला स्कूटी लावायला सांगितली आणि वाळत घातलेल्या कापडांच्या रांगांमधून सरळ वाट काढली. रंगाच्या हौदातून नुकतंच काढलेलं कापडाचं एक थान वाऱ्याने उडालं आणि त्यांच्या खांद्यावर मायेने विसावलं. त्यांनी ते बाजूला केलं तेव्हा पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर खांद्यापासून छातीपर्यंत लाल पट्टा उमटला होता. काका म्हणाले, "वाळला की दिसणार नाही." वाळल्यावर तो जास्त दिसायला लागला.

उमेदवाराच्या दारात त्याचा धाकटा भाऊ उभा होता. त्याने काकांकडे पाहिलं आणि दार अडवलं.

"किसके जुलूस से आ रहे हो?"

"जुलूस से नहीं. जयपुर से."

"गुलाल लगा के आए हो! हमारे घर! आज के दिन!"

"यह गुलाल नहीं है, भाईसाहब. मैं तो आपके यहाँ बैठने आया हूँ."

"हाँ हाँ, बैठो, नाचो, ढोल मँगवा दूँ?"

आतून चार माणसं बाहेर आली. मी स्कूटीची किल्ली मुठीत घट्ट धरली. पुस्तकी मराठी बोलणाऱ्या वृद्धाला परराज्यात मार बसला तर बँकेत काय कारण सांगायचं, याचा विचार मी करत होते. तेवढ्यात खुद्द उमेदवार आला. मोठ्या पगडीचा, थकलेला म्हातारा. त्याने काकांचा कुर्ता दोन बोटांत धरला, चोळला, वास घेतला.

"रंग है," तो भावाला म्हणाला. "अपने यहाँ का." मग काकांना म्हणाला, "गुलाल होता तो धुल जाता. यह नहीं जाएगा, बाबूजी."

"कुर्ते का क्या है," काका म्हणाले.

"हाँ," म्हातारा म्हणाला. "कुर्ते का क्या है." आणि त्याने चादर अंथरायला सांगितली.

बाहेर पुरुष बसले, मला आत बायकांत पाठवलं. दारातून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. एक जण म्हणाला, लग्नसराई होती, अर्धं गाव वऱ्हाडात गेलं, तिथंच पडलो. दुसरा म्हणाला, गावातले होते सगळे, त्यांनी जेवण आपल्याकडे केलं आणि बटण तिकडं दाबलं. तिसऱ्याने सांगितलं की त्याच नावाचा आणखी एक उमेदवार मुद्दाम उभा केला होता. चौथ्याच्या मते ऊन. धाकट्या भावाने यंत्राला शिव्या दिल्या. प्रत्येकाला आपलं कारण शंभर टक्के माहीत होतं आणि दुसऱ्याचं ऐकून प्रत्येक जण मान डोलावत होता. काका डोळे मिटून साक्ष घेत होते.

आत उमेदवाराची बायको माझ्याशेजारी येऊन बसली.

"कहाँ की हो, बेटी?"

"महाराष्ट्र की."

"इनके हारने पर इतनी दूर से आई हो?"

"जी, स्कूटी से."

तिने ओढणीत तोंड लपवून हसू दाबलं. मग माझ्या कानाशी म्हणाली, "अच्छा ही हुआ. जीत जाते तो दिल्ली जा बैठते. मैंने तो वोट ही नहीं दिया." थांबून तिने समोर बसलेल्या जावा, सुना, नणंदा यांच्याकडे हात केला. "किसी ने नहीं दिया."

परतताना काकांनी मागच्या सीटवरून विचारलं, "आत काय म्हणत होत्या?" मी सांगितलं. अजमेर रोड संपल्यावर ते म्हणाले, "हे साक्षीत धरता येणार नाही."

"का? खरं आहे की."

"म्हणूनच. हे धरलं तर आजवरच्या सगळ्या साक्षी पुन्हा घ्याव्या लागतील. मी सगळीकडे बाहेरच बसलो."

घरी पोचल्यावर त्यांनी कुर्ता न बदलता काकूंना विचारलं, "तू आजवर कुणाला मत दिलंस?"

"गुप्त असते नं ते," काकू म्हणाल्या. "तुमीच सांगता. आन हे काय फासून आले?"

त्या दिवसापासून इतिहास आणखी मागे पडला. मुळात तो ज्या मतदारसंघाचा होता, त्याचाही घोळ होता. पूर्वी सगळं एकच होतं. मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि आमच्या घरासमोरच्या रस्त्याने त्याचे दोन भाग केले. पलीकडची बाजू जयपूर, आमची बाजू जयपूर ग्रामीण. ग्रामीण बाजूला एक जिम, दोन कोचिंग क्लास आणि पिझ्झाचं दुकान होतं. शहरी बाजूला दुधाचा बूथ आणि म्हशींचा गोठा. काकांना हे मतदान केंद्रातच कळलं. यंत्रावर ओळखीचं एकही नाव दिसेना म्हणून त्यांनी चुकीचं यंत्र आणल्याची तक्रार केली. केंद्रावरचा अधिकारी म्हणाला, "मशीन तो ठीक है, बाबूजी. आप ग़लत तरफ़ रहते हैं."

पाहुणा आला की ते त्याला हा प्रकार प्रत्यक्ष दाखवत. रस्त्याच्या मधोमध जाऊन पाय फाकवून उभे राहत. "हा उजवा पाय शहरात, डावा ग्रामीणमध्ये. या क्षणी मला दोन खासदार आहेत." ई-रिक्षावाले घंटा वाजवत बाजूने जात. एकदा एक जण थांबून म्हणाला, "अंकलजी, एक तो चुन लो." पाहुणे कौतुकाने हसत, पण काकांना यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. ज्या मतदारसंघाचा इतिहास आयुष्यभर जमवला त्याने त्यांना बाहेर काढलं होतं, आणि त्यांनी घरही बदललेलं नव्हतं.

काकूंना हा प्रश्न नव्हता. त्यांना पुण्याला जायचं होतं. मुलगा बोलावत होता, नात होती, आणि पुण्यात भाजीवाल्याला शिकवावं लागणार नव्हतं. काका म्हणत, इतिहास पुरा होऊ दे. दुसरी लोकसभा जवळ आली तेव्हा एका सकाळी काकूंनी पोहे कालवता कालवता तो विषय कायमचा निकाली काढायला घेतला. मी वरून भाड्याच्या पावतीसाठी खाली आले होते आणि तिथंच अडकले.

"इथं कोन हाय आपलं?" काकू म्हणाल्या. "उद्या तुमी गेले तर तिसऱ्या दिवशी चादरीवर कोन बसन? मी आन ही पोरगी."

"या शहरात मी किती जणांच्या घरी बसलो, माहीत आहे?"

"पडलेले लोक ते. त्याईनं बोलावलं होतं का तुमाले?"

"न बोलावता गेलो म्हणूनच ते विसरणार नाहीत."

"पाहून घ्या मंग. पन पाहाल कसे? मेल्यावर?"

काकांचा चेहरा पडला. दोन दिवस ते गच्चीवर फेऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी खाली येऊन त्यांनी निर्णय सांगितला. जिवंतपणी आपली बैठक पाहायची सोय फक्त पडलेल्या उमेदवाराला आहे. तेव्हा ते लोकसभेला उभे राहणार, पडणार, आणि तिसऱ्या दिवशी चादर अंथरणार. कुणी आलं नाही तर पुणे.

"आन आले तर?" काकूंनी विचारलं.

"तर पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही."

"कबूल," काकू म्हणाल्या आणि माळ्यावरच्या बॅगा खाली काढायला मला स्टूल धरायला लावलं.

उभं कुठून राहायचं यावर चर्चा झाली नाही. स्वतः मतदार ग्रामीणचे असले तरी काका जयपूरचेच इतिहासकार होते, आणि कायद्याने दुसऱ्या मतदारसंघातून उभं राहता येतं. याचा परिणाम काय होईल ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. अपक्षाला दहा प्रस्तावक लागतात, तेही त्याच मतदारसंघातले. म्हणजे आमच्या गल्लीतला, काकांना ओळखणारा एकही माणूस चालणार नव्हता. मी आणि काका रस्ता ओलांडून गेलो आणि अनोळखी लोकांच्या सह्या मागत फिरलो. दूधवाला, गोठ्यावरचा माणूस, इस्त्रीवाला, औषधांचा दुकानदार. दुकानदाराने विचारलं, "किस मुद्दे पर लड़ रहे हैं?"

"हारने के लिए लड़ रहा हूँ. पर ईमानदारी से."

"फिर ठीक है," म्हणून त्याने सही केली.

चिन्हांत काकांनी खाट मागितली होती. ती दुसऱ्याला गेली आणि त्यांच्या वाट्याला लहान मुलांचा पांगुळगाडा आला. पत्रकावर एकीकडे त्यांचा विमा कंपनीतला गंभीर फोटो आणि दुसरीकडे पांगुळगाडा. प्रचारात त्यांनी मत असं मागितलंच नाही. हात जोडून म्हणत, "वोट आपकी मर्ज़ी. नतीजे के बाद तीसरे दिन ज़रूर पधारिए." लोक म्हणत, जिंकायची एवढी खात्री असलेला उमेदवार आम्ही पाहिला नाही.

मतदानाच्या दिवशी काका-काकू आमच्या बाजूच्या शाळेत गेले आणि ग्रामीणच्या कुणाला तरी मत देऊन आले. तेव्हा कुठे काकांना कळलं, की उमेदवाराला स्वतःलाही मत देता आलं नव्हतं. गल्लीतल्या कुणालाच देता येणार नव्हतं. माझं नाव तर सांगलीच्या यादीत होतं. "म्हणजे ओळखीचं एकही मत नाही," ते म्हणाले आणि बोटावरच्या शाईकडे बघत बसले.

निकाल लागला. अनामत जप्त झाली, ते ठरलेलंच होतं. न ठरलेलं हे, की त्यांना मतं पडली होती, आणि ती प्रस्तावकांहून बरीच जास्त होती. काका हादरले. "ही कोण माणसं? मला का दिलं?" पडायची कारणं त्यांना पाठ होती. मत मिळण्याचं एकही कारण त्यांना सुचेना. शिवाय यादीत त्यांच्याखालीही काही नावं होती. "म्हणजे मी काही जणांना पाडलं," ते म्हणाले. "आता त्यांच्याकडे बसायला कोण जाणार? मी तर घरी पाहिजे."

बैठकीची सूचना त्यांनी स्वतः लिहिली. आयुष्यभर जशा वाचल्या होत्या तशीच. 'अत्यंत खेद के साथ सूचित किया जाता है' अशी सुरुवात, मग त्यांचं नाव, मग लोकसभेतील पराजयाचा उल्लेख, मग 'तीये की बैठक' आणि पत्ता, खाली 'शोकाकुल समस्त परिवार'. सोबत विमा कंपनीतला फोटो. हे सगळं त्यांनी आजवरच्या पडलेल्या उमेदवारांना फोनवर पाठवलं आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं.

ग्रुपवर फोटो आणि 'अत्यंत खेद' एवढं दिसलं की लोक पुढचं वाचत नाहीत. काकांनी फोन खाली ठेवायच्या आत पहिलं 'ॐ शांति' आलं. मग जोडलेल्या हातांची रांग लागली. काकू चष्मा लावून वाचत होत्या.

"बाप्पा! मले विधवा केलं या लोकाईनं!"

मी खुलासा टाइप करायला लागले. काकांनी माझा हात धरला. "थांब. येऊ दे."

"काका, हे बरोबर नाही. सूचना चुकीची समजली त्यांनी."

"सूचनेत एक अक्षर खोटं नाही. न वाचणं हा मतदाराचा हक्क आहे."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात चादर अंथरली. स्टुलावर प्रचाराचं पत्रक उभं केलं, उदबत्ती लावली, आणि त्याच्या शेजारी काका पांढऱ्या कपड्यांत मान खाली घालून बसले. ज्यांच्या घरी ते एवढी वर्षं बसायला गेले होते, त्यांच्यापैकी एकही आला नाही. बहुतेकांनी पक्ष बदलले होते, आणि बगरूचा म्हातारा आजारी असल्याचं समजलं. पण आमची गल्ली आली. सगळी आली.

पहिले शेजारचे निवृत्त मास्तर. खाली मान घालून आत आले, पत्रकापुढे हात जोडले, डोळे टिपले, बसले आणि मग वर पाहिलं.

"आप... यहाँ हैं?"

"पधारिए," काका म्हणाले.

"पर आप तो..."

"हार गया, मास्टरजी. जयपुर से."

मास्तर उठायला गेले, पण मागून माणसं येतच होती, आणि बैठकीतून वेळेआधी उठत नाहीत. ते पुन्हा बसले. त्यांच्यानंतर येणारा प्रत्येक जण आधी पत्रक पाहत होता, मग काकांना, मग मास्तरांना, आणि मास्तर मान डोलावून बसायची खूण करत होते. कुणी काही विचारलं नाही. जिमवाला पोऱ्या काळा टी-शर्ट बदलून पांढरा घालून आला होता. पिझ्झाच्या दुकानाचा मालक चपला काढताना हुंदका देऊन मग गोंधळला आणि तो हुंदका खोकल्यात नेला.

कॉलनीचे सेक्रेटरी भाषण तयार करून आले होते. ते उभे राहिले, काकांना पाहिलं, काही क्षण विचार केला आणि भाषण केलंच.

"हमारी गली में किसी के भी घर दुख हो, सबसे पहले यही आते थे... आते हैं... आते थे. इन्हें बुलाना नहीं पड़ता था. हम लोग तो टाइम देखकर जाते हैं. यह आकर बैठे रहते थे. हम इन्हें बाहर का समझते रहे..." इथं त्यांचा आवाज खरोखरच बसला. काकांनी मान आणखी खाली घातली.

आत वेगळीच परिस्थिती होती. बायका काकूंच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि काकू प्रत्येकीला सांगत होत्या, "अवं जिता हाय बापा तो! भायेर बसला हाय, पाहा नं जाऊन!" शोकात बाई काहीबाही बोलते हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी काकूंना आणखी घट्ट धरलं. "हिम्मत रखो, आंटीजी. हम सब हैं ना." एकीने त्यांचे केस सारखे केले. एक म्हणाली, आजपासून रात्रीची भाजी माझ्याकडून. काकू थोडा वेळ धडपडल्या आणि मग पदर तोंडाला लावून जोरात रडल्या. मला वाटलं, प्रकार हाताबाहेर गेला. मी जवळ जाऊन विचारलं, "काकू, काय झालं?"

"इतक्या बाया आल्या नं," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी."

वेळ संपली. लोक हात जोडून उठले. काका दाराशी उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते, घरच्या माणसाने उभं राहावं तसे. जाताना मास्तरांनी त्यांचा हात दाबला आणि म्हणाले, "भगवान आपको..." आणि पुढे काय म्हणावं हे न सुचून निघून गेले.

चादर घडी करायच्या आत काका-काकूंचं भांडण सुरू झालं. मला वाटलं होतं काका पैज जिंकल्याचं सांगतील. काका म्हणाले, "बॅगा भर. पुण्याला जाऊ."

"काऊन? आले नं लोक!"

"आले ते गेलेल्या माणसासाठी. त्यातला एकही मी लढलो त्या मतदारसंघातला मतदार नाही. ही मोजणी रद्द."

"आले म्हंजे आले. मोजनी झाली. मी नाई येत पुन्याले."

"अगं, तूच तर इतकी वर्षं..."

"तवा मले कोनी ओयखत नव्हतं."

काकांनी मला साक्षीला घेतलं. "तू सांग. इतकं चांगलं बोलले ते माझ्याबद्दल. आता मी इथं राहिलो, रोज दूध आणायला गेलो, कुणाशी पार्किंगवरून बोललो, तर ते टिकेल का? निकाल लागल्यावर माणसाने प्रचार करत राहू नये."

"पोरी, सांग याईले," काकू म्हणाल्या. "सबद दिला होता."

कोण जिंकलं होतं, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही. हा वाद महिनाभर चालला. त्या काळात काकू शेजारणींकडे जाऊन बसू लागल्या आणि काका दिवसाउजेडी घराबाहेर पडेनासे झाले. मला वाटतं, त्यांना कुणाला दिसायचं नव्हतं. शेवटी मुलगा रजा काढून आला आणि दोघांचंही न ऐकता दोघांना पुण्याला घेऊन गेला. इतिहास लिहायचा राहिला. माझीही बदली झाली, पण कॉलनीच्या ग्रुपमध्ये मी राहिले होते.

पुढच्या वर्षी काका पुण्यात गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. मुलाने काकांच्याच फोनवरून ग्रुपवर कळवलं, फोटो तोच टाकला, कारण घरात दुसरा बरा फोटो नव्हता. सेक्रेटरींनी लगेच उत्तर दिलं, "यह मैसेज पुराना है. अंकलजी सकुशल हैं, बेटे के पास पुणे में. कृपया आगे न भेजें." त्यावर सगळ्या गल्लीचे अंगठे आले. मी खरं काय ते सविस्तर लिहून पाठवलं.

अफवा पसरवल्याबद्दल त्यांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं.